टिटवीने समुद्र आटवला नव्हता

यंदाच्या बुद्ध पौर्णिमेसाठी आम्ही भाड्याने घेतलेल्या सभागृहामागे मोटारी लावण्यासाठी खडी पसरलेले मोकळे आवार आहे. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी व्यवस्था पाहण्यास गेलो असता त्या खडीतून एक पक्षी पंख मोडल्यासारखा फरफटत चाललेला दिसला. त्याच्यामागे आम्ही वीस-पंचवीस पावले गेलो, तोच तो सहज उडून गेला. परत येऊन बारकाईने पाहिले, तेव्हा खडीच्याच रंगाची, काळे ठिपके असलेली चार अंडी उघड्यावर पडलेली होती. ना काडी, ना गवत.

हा पक्षी किलडिअर. आपल्या टिटवीच्याच कुळातला. गावाकडच्या माळावर टिटवीने आरडाओरडा करून डोक्यावर झेप घेतल्याचे ज्यांना आठवते, त्यांना हा स्वभाव ओळखीचा वाटेल.

त्या संध्याकाळच्या बैठकीत एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "मोटारी लावू द्या. निसर्गाने प्रत्येक जिवाला संरक्षण दिलेले असते. तो पक्षी आपले पाहून घेईल." हे विधान त्यांनी दुष्टपणाने केले नव्हते. किंबहुना ते निसर्गाविषयीच्या आदरातूनच आले होते. तरीही ते चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

किलडिअरचे संरक्षण खरोखरच अचाट आहे. कोल्हा आला की तो पंख मोडल्याचे सोंग घेऊन शेपटीकडचा तांबूस भाग दाखवीत शत्रूला अंड्यांपासून दूर नेतो. गायीसारखे खुरांचे जनावर आले, तर मात्र हे सोंग तो करीत नाही. गायीला त्याला खायचे नसते. तिच्यासमोर तो पिसे फुलवून, पंख पसरून ठाण मांडतो, म्हणजे ती वळसा घालून जाते. भक्षक कोण आणि तुडवणारा कोण, हे त्याला कळते. पण या दोन्ही युक्त्यांना एक अट आहे: समोरच्याचे लक्ष असले पाहिजे. मागे सरकणाऱ्या मोटारीला भूक नसते आणि तिच्या चाकाला डोळे नसतात. तिच्यापुढे कोणते सोंग घ्यायचे?

आपल्याकडे म्हण आहे, टिटवी देखील समुद्र आटवी. दुबळ्याच्या जिद्दीचे उदाहरण म्हणून आपण ती वापरतो. पंचतंत्रातली मूळ गोष्ट मात्र निराळी आहे. अंडी पळवणारा समुद्र टिटवीच्या चोचीने आटलाच नाही. पक्ष्यांनी गरुडाकडे दाद मागितली, गरुडाने विष्णूकडे, आणि त्याच्या धाकाने समुद्राने अंडी परत केली. चमत्कार वगळून ही गोष्ट वाचली, तर उरते ते इतकेच की बलाढ्याला आवरणारे कोणीतरी लागते. कृपेवर विसंबण्यापेक्षा कायद्यावर विसंबावे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

कॅनडाला हे एकदा महागात पडून कळले. उत्तरेकडील लांब केसांचे मस्क ऑक्स लांडगे आले की पिल्लांना मध्ये घेऊन, शिंगे बाहेर करून कडे धरतात आणि जागचे हलत नाहीत. लांडग्यांपुढे हजारो वर्षे टिकलेले हे कडे बंदुकीपुढे घातक ठरले. न पळणारा कळप टिपणे शिकाऱ्यांना सोपे गेले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कातड्यांचा व्यापार वाढल्यावर प्रचंड संहार झाला. १९१७ मध्ये कॅनडाने त्यांना कायद्याने संरक्षण दिले, म्हणून ते उरले. त्याच वर्षी स्थलांतरित पक्ष्यांविषयीचाही कायदा झाला. त्याच परंपरेतील कायद्यामुळे २०१८ मध्ये ओटावातील ब्लूज महोत्सवाच्या मैदानावर, ऐन रंगमंचाच्या जागी, एका किलडिअरने चार अंडी घातली तेव्हा आयोजकांना थांबावे लागले. घरटे हलवण्यासाठी संघराज्य सरकारची परवानगी घ्यावी लागली. तोवर अंड्यांवर पहारा होता. अनेकांना हे हास्यास्पद वाटले. मला नाही वाटले.

अर्थात कायदा सगळीकडे पुरत नाही. ब्रिटिश कोलंबियातील लॉजपोल पाइन वृक्षाची साल तांदळाच्या दाण्याएवढा भुंगेरा पोखरतो, तेव्हा झाड राळ सोडून त्याला बाहेर ढकलते. एकटादुकटा भुंगेरा त्यात बुडून मरतो. म्हणून ते गंधाने एकमेकांना बोलावून शेकड्यांनी तुटून पडतात, सोबत बुरशी आणतात, आणि झाड हरते. हिवाळ्यात भुंगेऱ्याच्या अळ्याही गोठू नये म्हणून अंगात ग्लिसरॉल साठवतात. म्हणजे संरक्षण तिकडेही आहेच. या अळ्यांना मारते ती उणे चाळीसच्या आसपासची थंडी. झाडाचे खरे कवच राळेइतकेच त्या थंडीचेही होते. १९९० च्या दशकापासून हिवाळे सौम्य होत गेले, आगी विझवत राहिल्यामुळे म्हाताऱ्या पाइनची दाट जंगलेही वाढली होती, आणि एकट्या ब्रिटिश कोलंबियात सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जंगलाला या भुंगेऱ्याची झळ बसली. पुढे तो रॉकी पर्वत ओलांडून अल्बर्टातही शिरला.

"यंदा थंडी कमी, बरे झाले," असे आपण प्रत्येक सौम्य हिवाळ्यात एकमेकांना म्हणतो. मीही म्हणतो. नागपूर-नांदेडहून आलेल्या माणसाने फावडे घेऊन बर्फ उपसताना दुसरे काय म्हणावे! पण प्रतीत्यसमुत्पाद शिकवणाऱ्या परंपरेतील आपण निदान एवढे तरी ध्यानात घ्यावे की आपल्याला छळणारी थंडी दुसऱ्या कोणाची ढाल असते, आणि ती बोथट करण्यात आपल्या मोटारींचाही वाटा आहे.

बैठकीत बराच वाद झाला. शेवटी अंड्यांभोवती खुर्च्या मांडून दोर बांधला. सहा मोटारींची जागा गेली. ज्येष्ठांना दाराशी उतरवून गाड्या दूरच्या रस्त्यावर लावाव्या लागल्या, आणि त्यावरून दोन कुटुंबे अजून नाराज आहेत. माझी समितीला सूचना आहे की पुढच्या वर्षी एप्रिलमध्येच कोणीतरी ती खडी पाहून यावे, आणि एका वस्तीतून येणाऱ्यांनी एकाच मोटारीतून यावे. पत्ते जुळवण्याचे काम मी करीन.