मोकळीक कशात आणि बंधन कशात?

दिवाळीच्या मागेपुढे बदनापूर तालुक्यात कापसाच्या वेचणीला तोंड लागते आणि शाळांचे हजेरीपट विरळ होऊ लागतात. त्याच सुमारास जालना जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांची वाट धरतात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात, आणि ती परततात तेव्हा शाळेचे वर्ष आटोपत आलेले असते. शेतीचे पंचांग आणि शाळेचे पंचांग यांची ही फारकत येथील प्रत्येक शिक्षक जाणतो. उपाय योजण्याचा अधिकार मात्र त्याला नाही, मुख्याध्यापकाला नाही आणि व्यवहारात जिल्हा परिषदेलाही उरलेला नाही.

याच बदनापुरात कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. या कोरडवाहू मुलखाला मानवतील असे तुरीचे वाण तेथे तयार होतात. बियाणे मातीप्रमाणे निवडावे हे शासनाला मान्य आहे. शाळेच्या बाबतीत मात्र गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत एकच साचा पुरेल, अशी त्याची श्रद्धा दिसते.

दोन उदाहरणे पुरेशी आहेत. गणवेशाचे पैसे शाळा व्यवस्थापन समितीकडे येत आणि समिती गावात किंवा जवळच्या बाजारात कापड घेऊन ते शिवून घेई. दोन जोडांना सहाशे रुपये ही रक्कम तुटपुंजी खरीच, पण काम वेळेवर होई आणि गावच्या शिंप्यालाही चार पैसे मिळत. 'एक राज्य, एक गणवेश' या घोषणेखाली २०२४-२५ या वर्षी कापडाची खरेदी राज्य पातळीवर गेली. अर्धे वर्ष उलटले तरी अनेक ठिकाणी मुलांच्या अंगावर नवा गणवेश आला नाही. जेथे आला तेथे मापाच्या तक्रारी झाल्या. अखेर २० डिसेंबर २०२४ रोजी शासनाने हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवले. जे गावाला जमत होते ते राज्याने हाती घेतले, बिघडवले आणि परत केले.

दुसरे उदाहरण परीक्षांचे. २०२५ साली पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षांसाठी साऱ्या राज्याला एकच वेळापत्रक लावण्यात आले आणि परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबल्या. त्या दिवसांत मराठवाड्यातील पत्र्याच्या वर्गखोल्या तापून भट्टी होतात, हे सांगायला हवामानशास्त्रज्ञ लागत नाही. विदर्भातील उन्हाळा लक्षात घेऊन तेथील शाळा जूनमध्ये उशिरा उघडण्याची प्रथा शासनच पाळत आले आहे. म्हणजे अपवाद करता येतो, हे त्यालाही मान्य आहे. प्रश्न एवढाच की अपवाद ठरवणार कोण? या प्रश्नाचे उत्तर कायद्याने कधीच दिलेले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या नवव्या कलमाने शैक्षणिक दिनदर्शिका ठरवण्याचे काम स्थानिक प्राधिकरणाकडे दिले असून, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत दाखल करून घेण्याची जबाबदारीही त्याच कलमात त्याच्यावर टाकली आहे. अधिकार कागदावर आहे; तो वापरू दिला जात नाही, आणि वापरण्याची हिंमतही फारसे कोणी करीत नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग सर्वच नियम सैल करा. आमचा त्याला ठाम विरोध आहे. कारण जेथे नियम पोलादी असायला हवेत, नेमके तेथेच शासन त्यांना वाकवीत आले आहे. सहावी ते आठवीच्या शाळेला किमान तीन विषयशिक्षक असावेत, असे शिक्षण हक्क कायद्याचे परिशिष्ट सांगते. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाने या गटात वीसपेक्षा कमी मुले असतील तर शिक्षकाचे एकही पद न देण्याचे ठरवले. २०२३ च्या सप्टेंबरात समूह शाळांची कल्पना पुढे आली, तेव्हा वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा शासनाच्या नजरेसमोर होत्या. पुढच्या वर्षी, ऐन शिक्षकदिनी, अशा लहान शाळांत दोनपैकी एका जागी पंधरा हजार रुपये मानधनावर कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय निघाला. गणवेशाच्या रंगात तसूभर फरक न खपवून घेणारे शासन शिक्षकांच्या संख्येबाबत मात्र कमालीचे लवचिक होते!

लहान शाळेचा दरडोई खर्च अधिक असतो, हा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या नावाने केला जातो. आयुष्यभर तो विषय शिकवलेल्या माणसाला एवढेच सांगावेसे वाटते की या हिशेबात एक रकाना कोरा सोडलेला आहे. शाळा चार किलोमीटर लांब गेली की कोषागाराचा खर्च वाचतो, पण तो नाहीसा होत नाही. तो रिक्षाच्या भाड्यात, मुलाला पोचवण्यासाठी बुडवलेल्या रोजात आणि सातवीतच घरी बसवलेल्या मुलीच्या आयुष्यात जमा होतो. सधन घर तो सहज भरते. शेतमजुराचे घर भरू शकत नाही. म्हणूनच शिक्षकांची किमान संख्या, शाळेचे अंतर, निःशुल्क प्रवेश आणि भेदभावाला बंदी या गोष्टींत कोणत्याही पातळीवर सूट देता कामा नये.

स्थानिक सत्तेविषयी आपण भाबडे असण्याचेही कारण नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी नगरपालिकांनी प्राथमिक शाळांचा आर्थिक भार उचलावा अशी मागणी केली होती. मात्र शाळांचा कारभार सर्वस्वी त्यांच्या हवाली करू नये, त्यावर शिक्षण खात्याची देखरेख असावी, असेही बजावले होते. गावातला वरचा थर शाळेवर कब्जा करतो तेव्हा कोणाची मुले मागच्या रांगेत जातात, हे त्यांना चांगले माहीत होते. आजही व्यवस्थापन समितीच्या कागदावर तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. प्रत्यक्षात त्यांतल्या कितीजणी केवळ सहीपुरत्या बोलावल्या जातात, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको.

१९६१ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण जिल्हा परिषदेकडे आले, त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत शिक्षणाचा समावेश केला. प्रवास मात्र उलट्या दिशेने झाला. शिक्षकांच्या बदल्या २०१७ पासून राज्याच्या संगणकाकडे गेल्या. २०२२ च्या मार्चमध्ये जालन्यासह बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या आणि कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. बदल्यांतील वशिलेबाजी थांबावी हे आम्हांलाही हवे होते. पण ज्या संस्थेला निवडून आलेले सभासदच नाहीत, तिच्यासाठी स्वायत्तता कोणाकडे मागायची आणि ती मिळाली तर वापरणार कोण?

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. किमान हक्कांची हमी आणि त्यांसाठी लागणारा पैसा राज्याने द्यावा. त्यात पटसंख्येची सबब चालणार नाही. वेळापत्रक, सुट्या, गणवेश, पोषण आहारातील पदार्थ आणि स्थलांतरितांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांच्या तारखा यांचा निर्णय निवडून आलेल्या जिल्हा परिषदेने व शाळा व्यवस्थापन समित्यांनी घ्यावा. अध्यापनाचे दिवस कायद्याने ठरवलेले आहेत, पाचवीपर्यंत दोनशे आणि पुढे दोनशेवीस. ते भरून वर्ष कसे आखायचे हे बदनापूरला बदनापूरच्या पिकापाण्याकडे पाहून ठरवू द्यावे.

बदनापूर तालुक्यातील कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेपुढे दोन ठराव मांडावेत: आमच्या शाळेचा एकही शिक्षक कमी होऊ देणार नाही, हा पहिला, आणि आमच्या शाळेचे पंचांग आम्ही ठरवू, हा दुसरा. ठराव मांडायला मात्र सरपंचाच्या आधी ऊसतोड मजुराच्या घरातील बाई उभी राहिली पाहिजे. तिला त्या सभेपर्यंत आणणे, हे या हंगामातले आपले पहिले काम आहे.