पेट्रोल स्वस्त की महाग : मोजायचे कशात?



पेट्रोलचा विषय निघाला की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन पोस्ट हमखास येतात. पहिली सत्तेची पाठराखण करणाऱ्यांची : जर्मनीत पेट्रोल दीडशेच्या वर, इंग्लंडात दीडशेच्या वर, मग आपल्याकडे 105 असले तर ओरड कशाला? दुसरी विरोधकांची : शेजारी देशांत स्वस्त आणि आपल्याकडेच लूट. ही दुसरी पोस्ट आपली पोरे डोळे झाकून पुढे ढकलतात. आमचे म्हणणे असे की दोन्ही पोस्ट एकाच चुकीच्या मापावर उभ्या आहेत, आणि ते माप एकदा मान्य केले की वाद आपण तिथेच हरतो.

फेब्रुवारी 2021 मधले सुब्रमण्यम स्वामींचे ट्विट अनेकांना आठवत असेल. रामाच्या भारतात 93, सीतेच्या नेपाळात 53 आणि रावणाच्या लंकेत 51, असा त्याचा आशय. टाळ्या पडल्या. पण सव्वा वर्षात त्याच श्रीलंकेने परदेशी कर्ज फेडणे थांबवले, जून 2022 मध्ये तिथे पेट्रोल लिटरला 470 लंकन रुपयांवर गेले आणि लोक दिवसदिवस रांगेत उभे राहिले. स्वस्त पेट्रोल म्हणजे सुखी जनता असे समीकरण मांडणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे. नेपाळचे तर आणखी गमतीचे. तिथले पेट्रोल इंडियन ऑइलच पुरवते, आणि नेपाळी 160 रुपये म्हणजे आपले 100. हे रूपांतर न करताच आकडे फिरवले जातात, कधी या बाजूने तर कधी त्या बाजूने.

अमेरिकेचा आकडा तर मापापासूनच वेगळा. तिथे भाव गॅलनचा सांगतात. अमेरिकी गॅलन 3.785 लिटरचा, इंग्रजी गॅलन 4.546 लिटरचा. इंग्लंडात पंपावर विक्री लिटरने होते, पण गाडीचे अ‍ॅव्हरेज अजून गॅलनमागे मैलांत सांगतात, तेही इंग्रजी गॅलनमागे. युरोपात 100 किलोमीटरला किती लिटर असा हिशेब, म्हणजे आकडा जितका लहान तितकी गाडी चांगली. आपल्याकडे उलटे. कच्चे तेल पिंपात, एक पिंप म्हणजे सुमारे 159 लिटर. एवढी मापे नीट जुळवल्याशिवाय तुलना करणे म्हणजे शेर आणि किलोची बेरीज करणे.

पण समजा, सगळे लिटरमध्ये आणले, सगळे रुपयांत आणले. तरी तुलना खरी होते का? इथे बाबासाहेबांकडे गेले पाहिजे. 1923 च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात त्यांचा मूळ मुद्दा हाच होता की रुपयाची किंमत परदेशी चलनाशी असलेल्या दरावरून ठरवू नका, देशात तो रुपया काय विकत घेतो ते पाहा. आणि भाव चढतात तेव्हा मजुरी त्यांच्या मागे रांगत येते, नफा व्यापाऱ्याचा होतो आणि घट मजुराच्या पोटाला बसते, हेही त्यांनी त्यात मांडले. आज शंभर वर्षांनंतर आपण त्यांच्या फोटोला हार घालतो आणि पेट्रोलचा भाव मात्र डॉलर-युरोने मोजतो.

म्हणून माप बदलू. एका दिवसाच्या मजुरीत किती लिटर येते ते पाहू. 2025 चे आकडे घेऊ. जर्मनीत कायद्याने किमान वेतन तासाला 12.82 युरो. आठ तासांचे शंभर युरोंच्या वर होतात. पेट्रोल 1.70 युरोच्या आसपास धरले तर दिवसाच्या कमाईत 60 लिटर. इंग्लंडात तासाला 12.21 पौंड, तिथे 70 लिटरच्या आसपास. अमेरिकेत संघराज्याचे किमान वेतन 2009 पासून 7.25 डॉलरवरच अडकले आहे, जगभर त्याची निंदा होते, तरी त्या मजुराला दिवसाचे 65 ते 70 लिटर मिळते.

आता देवळी. 2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला 312 रुपये. आमच्याकडे पेट्रोल 104-105 च्या घरात. म्हणजे दिवसभर माती उपसून जेमतेम तीन लिटर.

साठ आणि तीन. ज्याला जर्मनीचे उदाहरण द्यायची हौस आहे त्याच्यापुढे हे दोन आकडे ठेवा.

कोणी म्हणेल, मजुराला पेट्रोल लागते कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्याने सकाळी सातला देवळीच्या चौकात यावे. वेचणीच्या हंगामात बायांनी भरलेले ऑटो खेड्यांकडे निघतात. त्या ऑटोचे भाडे कधी शेतमालक देतो, कधी ते मजुरीतूनच वळते होते. कारखान्यात कंत्राटी पाळी करणारा पोरगा, वर्ध्याला क्लासला जाणारा पोरगा, दोघेही जुन्या गाडीवर. देवळी ते वर्धा सतरा-अठरा किलोमीटर, येऊन-जाऊन पस्तीस. लिटरला पन्नासचे अ‍ॅव्हरेज धरले तरी सत्तर रुपयांच्या वर जातात, म्हणजे रोहयोच्या मजुरीचा जवळपास चौथा हिस्सा कामावर पोहोचण्यातच संपतो. आणि आपली माणसे पेट्रोल लिटरने घेतच नाहीत. “पन्नासचं टाक”, “शंभरचं टाक”. पंप लांब असलेल्या खेड्यात तर किराणा दुकानातली बाटली, तिचा भाव पंपापेक्षा जास्त. ज्याच्याकडे कमी, तोच जास्त भावाने घेतो.

2024 पासून वर्धा-देवळी-कळंब रेल्वे सुरू झाली, चांगलेच झाले. एसटीत बायांना 2023 पासून अर्धे तिकीट आहे, त्याचा आमच्या वस्तीतल्या बायांना खरोखर फायदा होतो. पण जानेवारी 2025 मध्ये एसटीचे भाडे जवळपास 15 टक्क्यांनी वाढले, आणि अंधार पडल्यावर आतल्या खेड्यात बस मिळेलच याची खात्री नसते. जर्मनीत पेट्रोलवर कर भरमसाट आहे हे खरे. पण 2025 मध्ये तिथे महिन्याला 58 युरोंच्या पासावर देशभरच्या लोकल गाड्या, बस, ट्राम वापरता येत होत्या. किमान वेतनावरच्या कामगाराची ती पाच तासांचीही कमाई नाही. कर किती, हा अर्धाच प्रश्न झाला. परत काय मिळते, हा उरलेला अर्धा.

आपल्याकडचा कर कसा चढला? 2014 मध्ये पेट्रोलवर केंद्राचे उत्पादन शुल्क लिटरला 9 रुपये 48 पैसे होते. एप्रिल 2020 मध्ये जगात कच्च्या तेलाचा भाव कोसळला, अमेरिकेत पंपावरचा भाव गॅलनला दोन डॉलरच्या खाली आला. आपल्याकडे मे 2020 मध्ये, मजूर महामार्गावरून पायी गावाकडे चालत असताना, केंद्राने पेट्रोलवर एका रात्रीत 10 रुपये वाढवले आणि शुल्क 32 रुपये 98 पैशांवर नेले. पुढे दोनदा कपात झाली. एप्रिल 2025 च्या वाढीनंतर ते 21 रुपये 90 पैसे झाले.

यातली खरी मेख पुढे आहे. या 21.90 पैकी मूळ शुल्क फक्त 1 रुपया 40 पैसे. बाकीचे सगळे अधिभार आणि उपकर. राज्यांना वाटा मिळतो तो मूळ शुल्कातूनच, 41 टक्के. म्हणजे लिटरमागे सगळ्या राज्यांत मिळून 57 पैसे. केंद्र आणि प्रांत यांच्यात पैसा कसा वाटला जातो यावर बाबासाहेबांनी 1925 मध्ये अख्खा ग्रंथ लिहिला, तो आपल्या किती अभ्यासवर्गांत वाचला जातो? राज्यही काही गरीब बापडे नाही. त्याचा व्हॅट 25 टक्क्यांच्या आसपास आणि वर लिटरमागे ठरावीक रक्कम वेगळी. फॉर्च्युनरवाला आणि फुटक्या सायलेन्सरवाला, लिटरमागे दोघांचा कर सारखाच. आयकर तरी उत्पन्न विचारतो, पेट्रोलचा नळ काहीच विचारत नाही.

आता मापाचा आणखी एक पदर, जो कोणी सांगत नाही. पेट्रोल उष्णतेने फुगते, एका अंशाला साधारण हजारात एक भाग. प्रमाण तापमान 15 अंश धरतात. आपल्या मे महिन्यात टाकीतले पेट्रोल 35 अंशांवर असले तर लिटर पूर्ण भरते, पण आतला माल दोन टक्के कमी. शंभरात दोन रुपये. पाच लिटरमागे 25 मिलीपेक्षा कमी दिले तर तो कायद्याने गुन्हा, म्हणजे अर्ध्या टक्क्याला कारवाई. आणि उन्हाने खाल्लेले दोन टक्के कायदेशीर! कॅनडात पंपावरच तापमानाची दुरुस्ती करणारी यंत्रे बसली. थंड देशात ही दुरुस्ती विकणाऱ्याच्या फायद्याची असते. विदर्भात ती घेणाऱ्याच्या फायद्याची झाली असती, इथे मात्र ती नाही.

इथेनॉलचेही तसेच. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. 20 टक्के मिश्रणाने जुन्या दुचाकीचे अ‍ॅव्हरेज 3 ते 4 टक्के घटेल, असे निती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच म्हटले होते. ब्राझीलमध्ये ग्राहक पंपावर इथेनॉल वेगळे घेऊ शकतो, आणि पेट्रोलच्या 70 टक्क्यांहून स्वस्त असेल तरच घेतो. आपल्याला ना निवड, ना सूट. फायदा ऊस-मक्याच्या पट्ट्याचा, जुनी गाडी आमच्या कापूसवाल्यांची.

आम्ही देवळीत दोन कामे सुरू करतो आहोत. प्रत्येक पंपावर शिक्का मारलेले पाच लिटरचे माप असते आणि ग्राहकाने मागितले तर मोजून दाखवावेच लागते. दर महिन्याला दोघा-तिघांनी जाऊन ते मागायचे, न भांडता, मोबाईलवर नोंद घेऊन. दुसरे, एक वही. पहिल्या तारखेचा पेट्रोलचा भाव, त्या आठवड्यातली वेचणीची किंवा निंदणाची मजुरी, आणि मजुरीत बसणारे लिटर. पुलगाव, भिडी, गिरोलीच्या पोरांनी आपापल्या गावची वही सुरू करावी. मजुरीचा आकडा शेतमालकाकडून घेऊ नका, संध्याकाळी ऑटोतून उतरणाऱ्या बायांकडून घ्या, आणि ऑटोचे भाडे कापले असेल तर ते वेगळ्या रकान्यात लिहा.