हार परतल्यावर घाला!

या भाऊबिजेला माझी बहीण मला ओवाळील की नाही, याची मला शंका आहे. गेली तीस वर्षे मी साताऱ्याहून सांगलीला ओवाळून घ्यायला जातो. जाताना कंदी पेढे नेतो, येताना तिने बांधून दिलेला भडंग आणतो. या शिरस्त्यात कधी खंड पडला नाही. यंदा तो पडण्याची लक्षणे दिसत आहेत, आणि त्याला कारण एक फुलांचा हार.

हकीकत अशी. माझा भाचा येत्या डिसेंबरात हिमालयात चालला आहे. उत्तराखंडात केदारकंठा नावाचे शिखर आहे. उंची सुमारे 3,800 मीटर. कुपवाडच्या त्याच्या कारखान्यातली आठ पोरे निघाली आहेत. सरबताच्या गाडीवरचे सोडले तर यांतल्या एकानेही आजवर बर्फ पाहिलेले नाही. तरी गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लागला आहे. आठही जण काळे गॉगल लावून एका पांढऱ्याशुभ्र डोंगरासमोर उभे आहेत. तो डोंगर फ्लेक्सवाल्याच्या संगणकाने पुरवला आहे. वर ठळक अक्षरांत 'सांगलीच्या वाघांची हिमालयावर स्वारी!' भाऊबिजेच्या संध्याकाळी मंडळाच्या मांडवात सत्कार आहे आणि हार घालण्याचा मान मामांना आहे. कारण काय, तर मामा पूर्वी हिमालयात जाऊन आलेले!

बहिणीने फोनवर हे सांगितले तेव्हा मी म्हणालो, "हार मी घालणार नाही. आणि माझं ऐकशील तर तूही कुणाला घालू देऊ नकोस."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग ती म्हणाली, "दादा, सणासुदीचं असं बोलतात का? पोरगं एवढं मोठं काम करायला निघालंय."

"निघालंय गं. अजून केलं कुठं आहे?"

फोन ठेवला गेला. म्हणून हा लेख. जे बहिणीने ऐकून घेतले नाही ते वाचकांनी तरी ऐकावे. शिवाय ती दिवाळी अंक नेमाने वाचते, हेही माझ्या मनात आहेच.

माझे म्हणणे थोडक्यात असे : उंच डोंगरावर पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाचा निघण्यापूर्वी सत्कार करणे ही निरुपद्रवी हौस नव्हे. ती त्याच्या जिवावर बेतू शकणारी गोष्ट आहे. हे ज्ञान मला पुस्तकात मिळालेले नाही. हिमाचलातल्या 'बालू का घेरा' नावाच्या पठारावर, पहाटे दोन वाजता, एका घोडेवाल्याने ते मला दिले.

त्या वेळी मी सेहेचाळीस वर्षांचा होतो. बँकेत कारकुनी, रोज सकाळी अजिंक्यतारा, शनिवारी जरंडेश्वर. पायांत जोर होता आणि त्या जोराचा मला गर्वही होता. हम्प्ता खिंड ओलांडायची ठरली; उंची सुमारे 4,270 मीटर. ज्यांनी आम्हांला नेले त्यांचे नाव मी घेत नाही, कारण चूक त्यांच्यापेक्षा माझी अधिक होती. साताऱ्याचे रेल्वे स्टेशन गावात नाही, बाहेर माहुलीला आहे. तरीसुद्धा तिथवर चाळीस माणसे मला पोचवायला आली. शाल, श्रीफळ, हार. हलगीसुद्धा आणली होती. आमचे साहेब भाषणात म्हणाले, "शिखरावर आपल्या शाखेचे नाव न्या!" खिंडीला शिखर नसते, हे त्यांना सांगण्याचे मला धैर्य झाले नाही. गोवा एक्स्प्रेस हलली तेव्हा माझ्या गळ्यात तीन हार होते.

मनालीनंतरचा पहिला मुक्काम चिका येथे, सुमारे 3,100 मीटरवर. रात्री डोके ठणकू लागले. सकाळी म्होरक्याने विचारले, "कसं काय?" मी म्हणालो, "झोप जरा कमी झाली, बाकी झकास." दुसऱ्या मुक्कामी, बालू का घेरा येथे, जेवणाचे ताट समोर येताच पोटात ढवळले. दगडाआड जाऊन उलटी केली, तोंड धुतले आणि पुन्हा सगळ्यांत येऊन हसत बसलो. डोक्यात कुणी उखळात भात कांडावा तसे घण पडत होते. तरी मी बोललो नाही.

का बोललो नाही? मी शूर होतो म्हणून? मुळीच नाही. मी भित्रा होतो म्हणून! मला डोंगराची भीती वाटत नव्हती. माहुलीच्या स्टेशनाची वाटत होती. त्या चाळीस माणसांपुढे अर्ध्यातून परतलेले तोंड घेऊन उतरायचे कसे, एवढा एकच विचार मनात होता.

पहाटे दोनला लघवीसाठी तंबूबाहेर आलो तो तोल जाऊ लागला. घोड्यांपाशी झोपलेला घोडेवाला उठला. त्याने टॉर्चचा झोत जमिनीवर टाकला आणि त्या उजेडातून मला सरळ चालून दाखवायला सांगितले. थेंबभर दारू न पिता मी झिंगलेल्या माणसासारखा तिरका गेलो. तो एवढेच म्हणाला, "बाबूजी, अभी नीचे." सकाळची वाट पाहू, म्हणून मी हुज्जत घातली. त्याने ऐकले नाही. म्होरक्याला उठवले, एक सोबती घेतला आणि दोघांनी मला दोन्ही बाजूंनी धरून अंधारात खाली उतरवले. चिका येईपर्यंत उजाडले होते आणि डोक्यातले उखळ थांबले होते. पुढे डॉक्टरांनी सांगितले की चालताना तोल जाणे ही मेंदूला सूज येऊ लागल्याची खूण असते, आणि अशा वेळी सकाळपर्यंत थांबणारा प्रत्येक जण सकाळ पाहतोच असे नाही.

आता ज्यांना आपल्या ताकदीचा भरवसा आहे त्यांच्यासाठी चार शब्द. आमचे सातारा आणि सांगली हे जिल्हे तालमींचे. गावोगावी लाल माती आणि घरोघरी दंड-बैठका. भाचा मला म्हणतो, "मामा, कायबी काळजी करू नका, दीड महिना झाला जिम लावलीया." पण बाबा रे, त्या उंचीवरची हवा दंडाचा घेर मोजत नाही. वर प्राणवायूचे प्रमाण तेच असते, पण हवेचा दाबच उतरतो. केदारकंठ्याच्या माथ्यावर तो समुद्रकाठच्या दोन तृतीयांशाहूनही थोडा कमी आणि साडेपाच हजार मीटरवर निम्मा. सांगली साडेपाचशे मीटरवर, सातारा सातशेच्या थोडे वर. साऱ्या महाराष्ट्राचे सर्वांत उंच टोक कळसूबाई, ते 1,646 मीटर. मनालीत आपण बसमधून उतरतो तेव्हाच कळसूबाईच्या डोक्यावर चारशे मीटर चढलेले असतो, तेही झोपून! अडीच हजार मीटरच्या वर उंचीचा त्रास कुणालाही गाठू शकतो. पहिलवानाला आणि पंतोजीला सारखाच. उलट धडधाकट तरुणाला धोका असा, की पाय साथ देतात म्हणून तो भराभर चढतो, आणि रक्ताला विरळ हवेची सवय व्हायला जे दिवस लागतात ते त्याला देत नाही.

यावर कुणी म्हणेल, "अहो, आपल्या साताऱ्याची प्रियांका मोहिते पाहा! अष्टहजारी शिखरांवर गेली!" गेली, आणि त्याचा मला तुमच्याइतकाच अभिमान आहे. पण तुम्ही शिखरे मोजता, मी त्यांमधली वर्षे मोजतो. एव्हरेस्ट 2013, ल्होत्से 2018, मकालू 2019, अन्नपूर्णा 2021, कांचनजंगा 2022. असली पाच शिखरे सर करणारी पहिली भारतीय महिला व्हायला तिला नऊ वर्षे लागली, आणि त्याआधी सह्याद्रीतली भटकंती होती. दीड महिन्याच्या जिमचा तिच्याशी काय संबंध?

आणि तालमीचाच दाखला हवा असेल तर कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा घ्या. खाशाबा जाधव 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले. मातीत वाढलेला हा मल्ल तिथे मॅटवर, अनोळखी नियमांनी लढला आणि सहावा आला. पदक नाही. रिकाम्या हातांनी घरी आला. पण मॅट म्हणजे काय ते शिकून आला. चार वर्षे मेहनत केली आणि 1952 साली हेलसिंकीला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवले. जाण्यासाठी पैसा उभा करायला त्यांना दारोदार वर्गणी मागावी लागली होती. शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली ती परतल्यावर! निघणाऱ्याला वर्गणी आणि परतणाऱ्याला मिरवणूक, हा क्रम आपल्याच मातीतला आहे. फ्लेक्सच्या नादात आपण तो उलटा केला.

त्याच 1952 साली तेनसिंग आणि स्विस गिर्यारोहक लाम्बेअर एव्हरेस्टच्या माथ्याच्या सुमारे अडीचशे मीटर खालून परत फिरले. पुढल्याच वर्षी, 29 मे 1953 रोजी, तेनसिंग हिलरींसह माथ्यावर उभे होते. आदल्या वर्षी हट्टाने तिथेच राहिले असते, तर ही तारीख कोणी पाठ केली असती?

"पण आम्ही मावळ्यांची अवलाद! आम्ही मागे फिरत नाही!" हे वाक्य आमच्याकडे फार. त्यांनी 1665 चा पुरंदरचा तह आठवावा. महाराजांनी 23 किल्ले देऊन टाकले, दम घेतला आणि पुढे ते परत घ्यायला सुरुवात केली. ज्या राजाला मागे केव्हा सरावे हे कळत होते, त्याच्या नावाने तुम्ही एका पोराला डोकेदुखी लपवायला शिकवता?

मग तयारी करावी ती कोणती? अंगाची तयारी सांगायला सोपी. तीन महिने आधीपासून पाठीवर ओझे घेऊन चढा आणि उतरा. गुडघे दुखतात ते उतरताना. साताऱ्यात अजिंक्यतारा आहे, यवतेश्वरचा घाट आहे. सांगली सपाट, तिथल्यांनी जिने चढावेत आणि रविवारी मिरजेकडचा दंडोबाचा डोंगर गाठावा. बोलता बोलता चढता येईल एवढाच वेग ठेवावा. बूट निघण्याच्या आदल्या दिवशी घेऊ नयेत, महिनाभर पायांत वागवावेत. सुती बनियन घामाने भिजले की वर वाळत नाही, म्हणून अंगालगत लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे कापड घालावे. डॉक्टरांना प्रकृती दाखवावी. गोळ्या घ्यायच्या तर त्यांच्या सल्ल्याने. कार्यक्रमपत्रिका हाती आली की शिखराचे चित्र पाहत बसू नये. रोज रात्री किती उंचीवर झोपायचे ते आकडे पाहावेत. तीन हजार मीटरच्या वर मुक्काम रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा.

पण तयारीचा खरा अवघड भाग जाणाऱ्याने एकट्याने करायचा नसतो, तो घरच्यांनी करायचा असतो. वर डोके दुखू लागले की मोठ्याने "माझे डोके दुखते" असे म्हणता आले पाहिजे. ते सांगायची मुभा पोराला घरातून मिळावी लागते. हार घालून आपण ती काढून घेतो. निघताना गळ्यात हार पडला, की परतताना पदरी हार पडलेली चालत नाही! एक शब्द, पण केवढी गफलत!

माझे पुढे काय झाले, तेही सांगतो. साताऱ्याला उतरलो तेव्हा स्टेशनावर कुणी नव्हते. रिक्षावाल्याने मात्र ओळखले. "अर्ध्यातनंच आला म्हणं?" माझ्या शुभेच्छांचा फ्लेक्स पुढे पावसाळ्यात शेजारच्या गोठ्यावर ताडपत्री म्हणून गेला; माझ्या तोंडावरून पन्हाळीचे पाणी वाहताना मी स्वतः पाहिले आहे. दोन वर्षांनी मी पुन्हा हम्प्त्याला गेलो. मनालीत दोन दिवस जास्त राहिलो, डोके दुखेल तर सांगायचे असे बायकोला वचन देऊन गेलो, आणि खिंड ओलांडली. त्या वेळी पोचवायला एकटी बायकोच आली होती.

म्हणून बहिणीला या अंकातून कळवतो. भाऊबिजेला मी येणार. पेढे आणणार, आणि भाच्यासाठी लोकरीच्या जाड मोज्यांचे दोन जोड आणणार. मांडवात हार घालणार नाही. मात्र डिसेंबरात तो परतेल त्या दिवशी सांगलीच्या स्टेशनावर मी हार घेऊन उभा राहीन. शिखर गाठून आला तर एक; आणि डोके दुखले म्हणून मधूनच परत आला तर दोन. झेंडूचा भाव त्या दिवशी काय असेल तो असो.