बंगळुरू की पवई : विज्ञानाच्या गुणवंतांपुढील पेच

जेईई अ‍ॅडव्हान्स्ड परीक्षेचा निकाल लागला की महाराष्ट्रातील काही घरांत दरवर्षी एकच चर्चा सुरू होते. पवईच्या आयआयटीत मिळेल ती शाखा घ्यावी, की बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम स्वीकारावा? वरकरणी ही दोन नामांकित संस्थांमधील निवड आहे. मात्र संशोधनाची वाट अठराव्या वर्षीच धरायची की तो निर्णय पुढे ढकलायचा, हा खरा प्रश्न आहे.

जमशेटजी टाटा यांच्या देणगीतून १९०९ मध्ये उभी राहिलेली विज्ञान संस्था शंभर वर्षे मुख्यतः पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनासाठीच ओळखली जात होती. बारावीनंतरचा विज्ञानाचा अभ्यासक्रम तिने २०११ मध्ये सुरू केला. सुरुवातीच्या सत्रांत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र सर्वांनाच शिकावे लागते. अकरावीत जीवशास्त्राला रामराम ठोकलेल्यांना हे जड जाते. जोडीला अभियांत्रिकी व मानव्यविद्यांचे विषय असतात. अखेरच्या वर्षी विद्यार्थी प्रत्यक्ष संशोधन प्रकल्प करतो. शिक्षणशुल्कातही मोठी तफावत आहे. आयआयटीचे वार्षिक शिक्षणशुल्क २०१६ मध्ये ९० हजारांवरून २ लाख रुपयांवर गेले. त्या मानाने बंगळुरूच्या विज्ञान पदवीचे शुल्क नाममात्र म्हणावे लागेल.

असे असूनही पालकांचा कल पवईकडेच असतो आणि तो निराधार नाही. आयआयटीची पदवी घेऊन पुढे संशोधनाकडे वळता येते. केवळ विज्ञानाची पदवी हाती असेल, तर नोकरीच्या वाटा मोजक्याच राहतात. मात्र नावासाठी नावडती शाखा पत्करून चार वर्षे रेटणाऱ्या विद्यार्थ्याला हा युक्तिवाद लागू पडत नाही. भौतिकशास्त्राची खरी ओढ असलेल्यासाठी बंगळुरूच अधिक योग्य ठरते.

ही ओढ ओळखण्याची एक स्वतंत्र व्यवस्था होती. १९९९ मध्ये सुरू झालेल्या किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनेत लेखी परीक्षेबरोबर अनेक वर्षे मुलाखतही होत असे आणि तिच्यातून निवडलेल्यांना विज्ञान संस्थेचे दार खुले होते. २०२२ मध्ये ही योजना केंद्राच्या ‘इन्स्पायर’ योजनेत विलीन झाली. आता जेईई किंवा आयसरच्या प्रवेशपरीक्षेतील गुणांवर प्रवेश ठरतो. कोट्यापासून लातूरपर्यंतच्या शिकवणीवर्गांत तयार होणारा विद्यार्थीच त्यामुळे येथेही पुढे राहतो. विज्ञानशिक्षणाच्या दृष्टीने हा बदल हिताचा नाही.

त्याच वर्षी विज्ञान संस्थेने ‘गणित व संगणन’ विषयात बी.टेक. सुरू केल्याने चित्र आणखी गुंतागुंतीचे झाले. जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या क्रमवारीवर भरल्या जाणाऱ्या या जागांसाठी आयआयटीतील संगणक शाखेकडे पाहणारे विद्यार्थीच इच्छुक असतात. संशोधनाच्या संस्थेत नोकरीचा हिशेब अशा रीतीने शिरला आहे.

निर्णयाला वेळही थोडाच मिळतो. आयआयटींचे प्रवेश ‘जोसा’ या संयुक्त प्रक्रियेतून होतात. विज्ञान संस्था आपल्या फेऱ्या स्वतंत्रपणे घेते. एकीकडे जागा निश्चित करताना दुसरीकडची यादी लागलेली असेलच असे नाही. आयआयटीत एकदा प्रवेश घेतलेल्याला पुढच्या वर्षी जेईई अ‍ॅडव्हान्स्ड देता येत नाही. विज्ञान संस्थेतील प्रवेशाने मात्र ती वाट बंद होत नाही. सलग दोनच वर्षे परीक्षा देण्याची अट तेवढी पाळावी लागते.