जमीन बटाईने देताना : खंड वाजवी, कागद पक्का

आखातीज जवळ आली की आपल्या घरांत एक विषय हमखास निघतो. यंदा जमीन कुणाला द्यायची आणि कितीला? इंदूर, देवास, धार, उज्जैनकडच्या जुन्या मराठी घरांपैकी अनेकांची थोडीफार शेती अजून शिल्लक आहे. आजोबा गावी राहत, वडील नोकरीसाठी शहरात आले, मुले पुण्या-बंगळुरास गेली. शेत मात्र गावातलेच एखादे कुटुंब कसते. कुणी बटाईने देतो, कुणी मुनाफ्याने, म्हणजे रोख खंडाने. आणि बहुतेक सगळा व्यवहार तोंडी!

तोंडी का, हे आपण सारे जाणतो. १९५१ साली मध्यभारतात जमीनदारी आणि जागिरी गेल्या. पुढे १९५९ च्या भू-राजस्व संहितेने तीन वर्षांत एका वर्षाहून जास्त काळ जमीन पट्ट्याने देण्यास मनाई केली. विधवा, अज्ञान मुले, अपंग, फौजेतील माणसे अशांना तेवढी सूट होती. नियम मोडला तर कसणाऱ्यास मौरूसी हक्क मिळण्याची तरतूद होती. तिकडे महाराष्ट्रात कूळकायद्यात नातलगांच्या जमिनी गेल्याच्या कथा आपण लहानपणापासून ऐकल्या. त्यातून घराघरांत एकच शिकवण रुजली : लिहून काही द्यायचे नाही, आणि दरवर्षी माणूस बदलायचा.

आमचे म्हणणे असे की, ही शिकवण आता कालबाह्य झाली आहे. मध्य प्रदेशात २०१६ साली भूमिस्वामी आणि बटाईदार यांच्या हितसंरक्षणाचा कायदा झाला. त्यानुसार पाच वर्षांपर्यंत लेखी अनुबंध करता येतो. त्याची एक प्रत भूमिस्वामीकडे, एक बटाईदाराकडे आणि एक तहसीलदाराकडे राहते. अशा अनुबंधाने बटाईदाराला जमिनीवर मालकी हक्क मिळत नाही, आणि मुदत संपली की ताबा भूमिस्वामीकडे परत येतो. म्हणजे ज्या कागदाला आपण भीत आलो, तोच आज आपले रक्षण करतो. धोका असलाच तर तोंडी व्यवहारात आहे. वाद उद्भवला तर दाखवायला हाती काहीच नसते.

आता खंडाचा प्रश्न. आपल्याकडे खंड ठरतो तो शेजाऱ्याने काय घेतले यावर, किंवा सर्वांत जास्त बोली कोण लावतो यावर. हे वाजवी नव्हे. खंड ठरावा तो जमीन सरासरी वर्षात काय देते यावर. समजा, एक हेक्टर ओलिताची जमीन आहे. खरिपात १० क्विंटल सोयाबीन, भाव ४,५०० रुपये. रब्बीत ३५ क्विंटल गहू, भाव २,५०० रुपये. एकूण उत्पन्न १,३२,५०० रुपये. बी-बियाणे, खत, औषध, ट्रॅक्टर, काढणी यांचा रोख खर्च ६०,००० धरा. कसणाऱ्याच्या घरच्या माणसांची मजुरी २०,००० धरा. उरले ५२,५००. त्याचे दोन सारखे वाटे केले तर खंड २६,२५० रुपये येतो. आकडे जागोजाग बदलतील, पण रीत हीच ठेवावी : आधी खर्च, मग मजुरी, आणि उरलेल्याचा वाटा.

याच जमिनीचे कुणी ५०,००० मागितले आणि सोयाबीन चारच क्विंटल झाले, तर काय होईल? उरलेल्या ५२,५०० मधून २७,००० गेले, राहिले २५,५००. खंड देताना २४,५०० ची खोट. कसणाऱ्याची वर्षाची मजुरी तर बुडालीच, वर अंगावर कर्ज चढले. आणि हे काही दूरचे भय नव्हे. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा भाव आधारभूत किमतीच्या खाली गेला आणि शेतकरी रस्त्यावर उतरले, हे आपण पाहिले आहे.

तितकेच महत्त्वाचे, पैसे केव्हा घ्यायचे. पुष्कळ ठिकाणी सगळी रक्कम पेरणीआधी मागतात. बटाईदार ती सावकाराकडून आणतो. शेकडा दोन रुपये महिना व्याज धरले तरी ५०,००० वर सहा महिन्यांत ६,००० होतात. ते ना आपल्याला मिळतात, ना त्याला. म्हणून आम्ही सुचवतो : एक तृतीयांश आखातीजेला, एक तृतीयांश सोयाबीन विकल्यावर दिवाळीच्या सुमारास, आणि उरलेले गहू निघाल्यावर. रक्कम बँकेतून किंवा पावतीने घ्यावी. रुपयांऐवजी खंड गव्हाच्या क्विंटलमध्ये ठरवून जवळच्या मंडीच्या भावाने घेतला, तर भावाची तेजी-मंदी दोघे वाटून घेतात. वरच्या उदाहरणात तो साडेदहा क्विंटल होतो.

मुदत निदान तीन वर्षांची असावी. दरवर्षी माणूस बदलला तर शेणखत कोण टाकील, बांध कोण घालील? एक वर्षाचा धनी जमिनीतून काढून घेतो, तिला देत काहीच नाही. शेवटी नुकसान आपलेच होते.

आणखी एक गोष्ट मनाला लागणारी आहे. गारपीट झाली, रोग पडला, की सरकारी मदत खातेदाराच्या नावावर येते. पीक ज्याचे बुडाले तो कोरडाच राहतो. आपल्यापैकी काहींनी ती रक्कम मुकाट्याने ठेवून घेतली आहे, हे कबूल करायला हवे. पीकविमा बटाईदारालाही काढता येतो, आधारभूत किमतीच्या खरेदीत त्याची नोंदणीही होते. पण त्यासाठी त्याच्या हाती अनुबंध लागतो. तो देणे आपल्या हातात आहे. मदत आणि विमा कुणाचा, आणि पीक बुडाल्यास हप्त्यात किती सूट, ही दोन कलमे त्यात अवश्य असावीत.

शासनाकडेही मागणे आहे. अनुबंधाची प्रत तहसिलीत दिली की तिची शिक्क्याची पोच त्याच दिवशी मिळावी, आणि गिरदावरीच्या वेळी पटवाऱ्याने पीक कसणाऱ्याचे नाव नोंदवावे. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आपण हे विचारावे.

पण सुरुवात आपल्या घरापासून हवी. पिढ्यान्‌पिढ्या या मातीने आपल्याला सांभाळले. ती आज ज्याच्या घामावर पिकते, त्याच्याशी दोन पानांचा कागद करायला आपण का कचरावे? या आखातीजेला तो करावा, अशी सर्व सभासदांना आमची आग्रहाची विनंती आहे.