शिवणकामासाठी वाफेची इस्त्री



आमच्या शेजारच्या आपा घरी कपडे शिवतात. मुलांची फी त्यातूनच निघते. मागच्या रमजानमध्ये गिऱ्हाइकाचा जॉर्जेटचा कुर्ता जुन्या इस्त्रीला चिकटला. कापडाचे पैसे भरून द्यावे लागले. मग नवी इस्त्री घ्यायला मी त्यांच्यासोबत गेले.

दुकानात आम्ही एवढेच पाहिले: खालची प्लेट गुळगुळीत, टोक निमुळते म्हणजे कॉलरच्या कोपऱ्यात जाते, वाफ बंद करण्याची सोय आणि आयएसआय चिन्ह. १२५० वॅटची इस्त्री घरातल्या साध्या सॉकेटवर चालते. २००० वॅटच्या इस्त्रीला १६ अँपिअरचा मोठा सॉकेट लागतो.

बटणावरचे ठिपके ओळखा. एक ठिपका नायलॉनसारख्या कापडाला, दोन रेशीम-लोकरीला, तीन सुतीला. बहुतेक इस्त्र्यांत वाफ दोन ठिपक्यांच्या पुढेच नीट येते. त्याआधी पाणी ठिबकून डाग पडतात. बोअरचे खारे पाणी भरू नका, भोके बुजतात. काम झाले की उरलेले पाणी ओतून टाका.

प्रत्येक टीप मारली की लगेच दाबून घ्या, मगच पुढची शिवण. इस्त्री ओढू नका, उचलून ठेवा. ओढल्याने कापड ताणते.

आपा आता आधी उरलेल्या तुकड्यावर इस्त्री फिरवून पाहतात. गिऱ्हाइकाचे कापड म्हणजे अमानत. ती जपली की गिऱ्हाईकही टिकते.