खटका फिरतो, चढ तोच राहतो

फोर्डची एफ-२५० किंवा एफ-३५०, आणि तिच्या बॉनेटखाली ७.३ लिटरचं ‘पॉवर स्ट्रोक’ डिझेल इंजिन. अमेरिकेच्या ग्रामीण भागात ही जोडी अजूनही कामावर दिसते. नॅव्हिस्टारने फोर्डसाठी बनवलेलं हे इंजिन १९९४ ते २००३ या काळातल्या गाड्यांत आलं. त्यातल्या बऱ्याच गाड्या आता तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे आहेत. कुणी घोड्यांचा ट्रेलर ओढतो, कुणी गवताचे गठ्ठे, कुणी बांधकामाचं सामान. यातल्या पुष्कळ गाड्यांत स्टिअरिंगच्या आसपास एक छोटा गोल खटका बसवलेला सापडतो. बहुधा सहा घरांचा. एका घरात कंपनीची मूळ मांडणी, दुसऱ्यात ‘टो’, तिसऱ्यात ‘इकॉनॉमी’, आणि पुढे ८०, १००, १४० असे वाढीव हॉर्सपॉवरचे आकडे. क्रम विकणाऱ्यागणिक बदलतो. चालत्या गाडीत खटका फिरवला की गाडीचा स्वभाव बदलतो.

खटका कुठल्या घरात ठेवायचा, हे प्रत्येक नवा मालक विचारतो आणि त्याला आकडा सांगणारे खूप भेटतात. खरं उत्तर मागे काय जोडलंय आणि समोरचा चढ किती लांब आहे यावर ठरतं. तेवढं ऐकून घ्यायला मात्र कुणाला वेळ नसतो.

आधी या खटक्यामागची चिप करते काय ते पाहू. इंजिनाच्या कॉम्प्युटरला एका बाजूला तपासणीसाठी ठेवलेली एक जोडणीची जागा असते. चिप तिथे बसते आणि मूळ प्रोग्रॅमच्या जागी स्वतःचे आकडे पुढे करते. डिझेल इंजिनात हवा अडवून वेग आवरायची पद्धत नाही. हवा भरपूर येते आणि किती डिझेल आत फवारायचं यावर ताकद ठरते. म्हणून नुसते आकडे बदलून डिझेलची ताकद जेवढी वाढते तेवढी टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची वाढत नाही. फवारणीचा वेळ लांबवायचा, ती थोडी आधी सुरू करायची, धूर होऊ नये म्हणून कंपनीने घातलेली मर्यादा सैल करायची, एवढ्यावर काम होतं. विकणारा म्हणतो, ही ताकद इंजिनात आधीपासूनच होती, कंपनीने ती दाबून ठेवली होती. यात तथ्य आहे. हेच इंजिन १९९४ मध्ये २१० हॉर्सपॉवरचं होतं आणि २००१ मध्ये मॅन्युअल गिअरच्या गाडीत २७५ चं झालं. पण मधल्या काळात, १९९९ च्या सुपर ड्यूटीत, कंपनीने इंटरकूलर बसवला. म्हणजे टर्बोतून तापून आलेली हवा थंड करूनच सिलिंडरमध्ये सोडायची सोय केली. फोर्डने ताकद वाढवली तेव्हा उष्णतेचीही व्यवस्था लावली. चिपच्या खोक्यात इंटरकूलर येत नाही.

आता मुख्य मुद्दा. या गाडीच्या कॉम्प्युटरला एक्झॉस्टचं तापमान कळत नाही. ते मोजणारा सेन्सर कंपनीने दिलेलाच नव्हता, कारण त्याची गरज नव्हती. डिझेलची कमाल मात्रा आधीच इतकी आवरून धरलेली होती की कडक उन्हाळ्यात, भरलेल्या ट्रेलरसह, लांब चढावरही तापमान धोक्याच्या रेषेच्या आतच राहावं. मर्यादा हीच राखण होती. चिप ती मर्यादा उठवते, पण राखणीचं काम दुसऱ्या कुणावर सोपवत नाही. ते आपसूक चालकाच्या अंगावर येतं आणि त्याला कुणी तसं सांगितलेलंही नसतं.

या इंजिनाच्या बाबतीत टर्बोच्या आधी मोजलेलं साधारण ६७५ अंश सेल्सिअस (अमेरिकन भाषेत १२५० फॅरेनहाइट) हे सतत चालवण्याचं टोक मानलं जातं. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात आणि असे मिश्रधातू याहून कमी तापमानाला वितळू लागतात. मग पिस्टन टिकतात कसे? जळता वायू क्षणभर स्पर्श करतो, पाठोपाठ थंड हवा आत येते, आणि खालून तेलाची धार पिस्टनला थंड ठेवत असते. वायू तापला तरी धातू तेवढा तापायला वेळ लागतो. सगळा खेळ या वेळेचा आहे. रिकामी गाडी सिग्नलवरून १४० च्या घरात दामटली तर एक्झॉस्टचं तापमान ७६० अंशांपर्यंत उडेल, दहा सेकंदांनी पाय सैल होईल आणि ते खाली येईल. काही बिघडत नाही. मालकाचा विश्वास इथेच बसतो, कारण चिपची पहिली परीक्षा तो नेहमी रिकाम्या गाडीवर घेतो. तोच खटका, मागे चार टनांचा ट्रेलर आणि समोर दहा मिनिटांचा चढ. आता धातूला तापायला हवा तेवढा वेळ मिळतो.

चढ म्हणजे कसला, हेही पाहायला हवं. अमेरिकेत गाडीची ओढण्याची क्षमता ठरवायला ‘एसएई जे२८०७’ नावाचं मानक आहे. त्यातली चढाची परीक्षा ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या रस्त्यावरची आहे: अठरा किलोमीटरहून थोडा जास्त चढ, पायथ्याशी किमान ३८ अंश तापमान, एसी पूर्ण सुरू, आणि ठरलेल्या वेगाच्या खाली न येता वर पोचायचं. कोलोरॅडोतला आय-७० महामार्ग तर आयझेनहॉवर बोगद्याशी ३,४०० मीटरवर जातो. तिथे हवा विरळ, म्हणून टर्बोला जास्त राबावं लागतं, आणि डिझेल तेवढंच फवारलं तर तापमान आणखी चढतं. खटक्याच्या घरांवर नाव लिहिणाऱ्याने ते समुद्रसपाटीवर लिहिलं की डोंगरात, हे खटक्यावर छापलेलं नसतं.

उपाय म्हणून पायरोमीटर, म्हणजे एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा काटा, बसवतात. तो बसवायलाच हवा, आणि चिपच्या आधी. पण त्याचा सेन्सर टर्बोनंतरच्या पाइपात बसवला तर आकडा कमी दिसतो, कारण टर्बो फिरवण्यात उष्णता खर्च झालेली असते. हा फरक ठरावीकही नसतो. जोर जितका जास्त तितका तो वाढतो, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी काटा सर्वात जास्त फसवतो. टर्बोआधी बसवायचा तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डला भोक पाडावं लागतं आणि तिथे हात आखडतो. मग सोयीच्या जागी बसवलेला, आश्वासक आकडा दाखवणारा काटा घेऊन माणूस डोंगर चढतो. माझ्या मते काटाच नसणं यापेक्षा बरं. ज्याला आकडा दिसत नाही तो निदान बिचकून चालवतो.

उष्णतेखेरीज दुसरं संकट दाबाचं. फवारणी आधी सुरू केली की सिलिंडरमधला कमाल दाब वाढतो. कमी आरपीएमवर, वरच्या गिअरमध्ये, पूर्ण पाय दाबून गाडी ओढवली तर तो दाब कनेक्टिंग रॉडवर सर्वात निर्दयपणे येतो. या इंजिनाच्या उत्तरार्धात घडीव रॉडऐवजी धातूच्या पावडरपासून बनवलेले रॉड आले. जास्त दाबाखाली घडीव रॉड वाकतो, पावडरचा तुटतो, आणि तुटलेला रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. गाडीच्या कोणत्या साली कोणते रॉड हे न बघता १४० चं घर वापरणं म्हणजे जुगार. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंही तसंच. या फोर्डमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कॉम्प्युटरच्या ताब्यात असतात, म्हणून विचारपूर्वक लिहिलेली चिप गिअरबॉक्सचा तेलदाबही वाढवते. स्वस्तातली चिप नुसतं डिझेल वाढवते आणि टॉर्क कन्व्हर्टर घसरत राहतो. इंजिन वाचलं आणि गिअरबॉक्स उतरवावा लागला, अशी उदाहरणं या गाड्यांत भरपूर.

‘इकॉनॉमी’ या घराबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण सर्वात निरागस नाव त्याचंच आहे. फवारणी थोडी आधी केल्याने ॲव्हरेज किंचित सुधारू शकतं. पण नव्या, कॉमन रेल गाड्यांसाठी ज्या बाहेरून जोडायच्या पेट्या मिळतात त्यांचं काम पाहा. रेलमधला डिझेलचा दाब सेन्सर कॉम्प्युटरला कळवत असतो. पेटी मध्ये बसते आणि तो दाब मुद्दाम कमी करून सांगते. कॉम्प्युटर पंपाला दाब वाढवायला लावतो. प्रत्यक्षात जास्त डिझेल जातं, कॉम्प्युटरच्या हिशेबात मात्र नेहमीएवढंच. डॅशबोर्डवरचं ॲव्हरेज याच हिशेबातून येतं. ते वाढलेलं दिसतं आणि मालक खूश होतो. टाकी काठोकाठ भरून लिटरला किलोमीटर हाताने मोजणारे थोडेच. पेटीने ज्याला फसवलं त्याच कॉम्प्युटरला पेटीच्या फायद्याचा साक्षीदार करायचं, हा प्रकार मला तर विनोदी वाटतो.

नव्या गाड्यांचा विषय निघाला की प्रश्न मालकाच्या खिशाबाहेर जातो. २००७ पासून अमेरिकन डिझेल पिकअपमध्ये काजळी अडवणारा फिल्टर आला, पुढे युरियाचं द्रावण फवारणारी यंत्रणा आली. डिझेल वाढवलं की काजळी वाढते आणि फिल्टर लवकर भरतो. मग डिझेल वाढवून देणारा मेकॅनिकच सुचवतो की फिल्टर काढूनच टाकू, त्यासाठी खास प्रोग्रॅम आहे. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, ईपीएने, अंदाज मांडला की दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची प्रदूषण यंत्रणा अशी काढली गेली. त्यांच्या आयुष्यभराच्या जादा नायट्रोजन ऑक्साइडचा हिशेब ५ लाख ७० हजार टनांच्या वर जातो, म्हणजे नव्वद लाख नियमात बसणारे पिकअप रस्त्यावर जादा आणल्यासारखं.

यावर एक प्रतिवाद ठरलेला असतो: कंपन्या तरी कुठे धुतल्या तांदळासारख्या आहेत? इंजिनं बनवणाऱ्यांत पुणेकरांना घरचं वाटणारं नाव म्हणजे कमिन्स. त्याच कमिन्सने रॅम पिकअपच्या इंजिनांतल्या सॉफ्टवेअरवरून अमेरिकी सरकारशी तडजोड केली आणि १.६७५ अब्ज डॉलरचा दंड मान्य केला. चूक कबूल केली नाही, पैसे भरायचं कबूल केलं. २०१३ ते २०१९ या सालांच्या सुमारे सहा लाख तीस हजार गाड्यांचा हा मामला. प्रतिवाद करणाऱ्याचा राग समजतो. पण त्या रागातून त्याच्या पिस्टनला थंडावा मिळत नाही, आणि मागून येणाऱ्या गाडीतल्या पोराच्या फुप्फुसात जाणारी काजळीही कमी होत नाही.

आपल्याकडे स्कॉर्पिओ, थार, फॉर्च्युनरसाठी अशा पेट्या आणि रीमॅप सर्रास विकले जातात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतले तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. बीएस-६ डिझेल गाड्यांत फिल्टर असल्याने अमेरिकेत २००७ नंतर जे घडलं त्याची वाट इथेही तयार आहे.

तरीही जुन्या ७.३ वर चिप हवीच असेल, तर क्रम असा असावा: टर्बोआधीचा पायरोमीटर, गिअरबॉक्सच्या तेलाच्या तापमानाचा काटा, मग चिप. ट्रेलर जोडताना खटका ‘टो’ वर किंवा मूळ मांडणीवर. चढावर काटा टोकाकडे सरकला तर गिअर खाली घ्यायचा आणि पाय सैल करायचा. चालत्या गाडीत खटक्याशी खेळ नको. वर पोचल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही. एक्झॉस्ट १७५ अंशांच्या खाली येईपर्यंत ते चालू ठेवायचं, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल जळून कोळसा होतं. आणि ‘टो’ लिहिलं म्हणून गाडीची ओढण्याची क्षमता एक किलोनेही वाढलेली नसते. ब्रेक, पाटे, हुक, टायर सगळे आधीचेच आहेत.

जुनी गाडी विकत घेणाऱ्याने मात्र खटका शोधत बसू नये. विकण्याआधी तो काढलेला असतो. कॉम्प्युटरवरची ती तपासणीची जागा उघडून पाहावी. कारखान्यातून निघताना तिथल्या पट्ट्यांवर संरक्षक लेप असतो आणि चिप नीट बसावी म्हणून तो खरवडून काढावा लागतो. पट्ट्या स्वच्छ, चकचकीत दिसल्या तर भाव पुन्हा बोलायला बसावं.